दोन वेण्या आणि उरलेला अर्धा मीटर

मी मुळात गणिताची नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण शाळेत पुष्कळ वर्षं मी ते कोणाला कळू दिलं नव्हतं. मी बायोवाली. बेडूक, पान, फुलाचे भाग, यांच्या आकृत्या काढत काढत बी.एस्सी. झाले. नोकरी लागली ती छत्तीसगडात, उतईच्या पुढच्या एका गावातल्या सरकारी मिडल स्कूलमध्ये. तिथे सायन्स शिकलेली मी एकटीच. बडे गुरुजींनी, म्हणजे हेडमास्तरांनी, पहिल्याच दिवशी टाइमटेबलवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "साइंस की हैं तो गणित भी आप ही देखेंगी." मी मान हलवली. नवी नोकरी, नाही कोण म्हणणार?

तेव्हापासून मी सहावी, सातवी, आठवीला गणित शिकवते. भिलाई-३वरून स्कूटीने निघायचं, शाळेत पोचायचं, फळ्यावर नियम लिहायचा, त्याखाली तीन उदाहरणं सोडवायची, मग मुलांनी तशीच दहा सोडवायची. मी स्वतः असंच शिकले होते. अपूर्णांकांच्या भागाकाराचा नियम तर आमच्या वर्गात गाण्यासारखा चालायचा. मी म्हणायची, "दूसरे को?" आणि चाळीस पोरं ओरडायची, "उलटा करो!" "और फिर?" "गुणा करो!" आवाज पार बाहेरच्या हँडपंपापर्यंत जायचा. बडे गुरुजी खूश. मीही खूश.

भाषेचा एक घोळ मात्र सुरुवातीपासूनच होता. घरी आम्ही आपली भंडाऱ्याकडची मराठी बोलतो. शाळा हिंदीतली. आणि मुलं आपसांत छत्तीसगढी. मी वर्गात "उनतीस" म्हणते तेव्हा डोक्यात आधी "एकोणतीस" येतं, आणि मधल्या त्या क्षणभरात कधीकधी माझ्या हातून भलताच आकडा लिहिला जातो. एकदा एका पोराला विचारलं, तुझी आजी किती वर्षांची? तो म्हणाला, "तीन कोरी अऊ दस." कोरी म्हणजे वीस, हे मला दुसऱ्या मुलाने समजावून दिलं. सत्तर म्हणायला त्याला तीन विसा आणि दहा लागत होते, आणि तो ते माझ्यापेक्षा लवकर जोडत होता. तरी गणिताच्या पेपरात तो नापास व्हायचा. असं का, ते मला कळत नसे, आणि त्याच्यावर फार विचारही मी करत नसे.

मग एका वर्षी दिवाळीच्या आधी आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्यांनी सांगितलं की गणित फळ्यावर ठेवू नका, मुलांच्या हातात द्या. मोजू द्या, कापू द्या, वाटू द्या. जगण्यातलं उदाहरण घ्या. त्यांनी आमच्याकडून कागदाच्या घड्या घालून घेतल्या, टाळ्या वाजवून पाढे म्हणून घेतले. बाकीचे शिक्षक जेवणाची वाट पाहत होते, मला मात्र ते मनापासून पटलं. वाटलं, इतकी वर्षं आपण पोरांना नुसतं ओरडायला लावलं.

शाळेत परत आले आणि सपाटाच लावला. मैदान पावलांनी मोजलं. भाजीवाल्याकडून तराजू मागून आणला आणि दगड तोलले. मुलं इतकी रमली की पाणी प्यायला जाईनात. पंधरा दिवसांनी चाचणी घेतली. जे आधी चुकायचे ते तसेच चुकले होते. एक-दोघांचं तर आधी बरोबर यायचं, तेही आता चुकलं. मी वह्यांचा गठ्ठा समोर घेऊन बसून राहिले. मजा आली होती, हे खरं होतं. मग शिकली का नाहीत? की शिकली, आणि ते माझ्या चाचणीत दिसत नाही? कोणाला विचारावं, हेही सुचेना.

त्या वर्षी सहावीत एक मुलगी होती. सावळी, बारीक, तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या. लिहायला फार हळू. बाकीची दहा गणितं सोडवत तोवर हिची चार व्हायची. आणि तिला एक सवय होती. सगळा वर्ग "गुणा करो!" म्हणून थांबला की ती जागेवर बसूनच, जरा स्वतःशीच, विचारायची, "काबर?"

काबर म्हणजे का. आमच्या घरी त्यालाच आम्ही "कावून" म्हणतो. पहिल्यांदा मी ते ऐकून सोडून दिलं. दुसऱ्यांदा म्हटलं, "नियम है." तिसऱ्यांदा ती उभी राहिली. मी तीन भागिले अर्धा बरोबर सहा लिहिलं होतं. तिने विचारलं, "मैडम, भाग दिए तो बढ़ कैसे गया? भाग में तो घटता है."

याचं उत्तर मला येत होतं. तीन रोट्या, प्रत्येकाला अर्धी, किती जणांना? सहा जणांना. वर्ग म्हणाला हो, हो. तिनेही मान हलवली. खाली बसली. पण वहीत काही लिहिलं नाही, नुसती पेन्सिल धरून राहिली. मला उगीच वाटलं की तिचं समाधान झालेलं नाही. आणि खरं तर माझंही झालेलं नव्हतं. रोट्यांचं जमलं. पण उलटा करून गुणायचं काबर, ते रोट्यांनी कुठे सांगितलं होतं?

अशात संकुलाचे समन्वयक शाळेत आले. संकुल म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांचा गट, आणि त्याच्यावर देखरेख ठेवणारे हे सर. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की इथल्या मॅडम तराजू वगैरे घेऊन शिकवतात. म्हणाले, "शनिवार को सब गणित वाले आपकी क्लास देखने आएँगे." मी घाबरले, पण आतून सुखावलेही.

काय घ्यावं? धडा अपूर्णांकांच्या भागाकाराचाच चालू होता. मी पुस्तकातलाच एक प्रश्न उचलला: दोन भागिले तीन चतुर्थांश. मागे उत्तर होतं, दोन पूर्णांक दोन तृतीयांश. म्हटलं, रिबीन घेऊ. मुलींच्या रोजच्या वापरातली वस्तू. दोन मीटर लाल रिबीन, एका वेणीला पाऊण मीटर लागते, तर किती वेण्या होतील? भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारातून मोजून दोन मीटर रिबीन आणली. घरी करून पाहिलं का? नाही. पुस्तकात उत्तर होतं, मग करून कशाला पाहायचं?

शनिवारी सात शिक्षक मागच्या बाकांवर बसले. समन्वयक सर खिडकीशी. मी गोष्ट सांगून सुरुवात केली, दोन बहिणी, जत्रा, रिबीन. मग विचारलं, मोजायला कोण येतं? पुष्कळ हात वर झाले. मी मुद्दाम त्या मुलीला बोलावलं. मनात होतं, आज हिला तिचं काबर मिळेल आणि सगळ्यांसमोर मिळेल.

ती पुढे आली. टेबलावर मीटरची पट्टी होती. तिने रिबीन सरळ केली, सुरकुती हाताने दाबली, पंचाहत्तर सेंटिमीटरवर खूण केली आणि कापली. एक. पुन्हा पंचाहत्तर. दोन. मग उरलेला तुकडा पट्टीवर ठेवला आणि म्हणाली, "दू ठन होगे. अऊ आधा मीटर बाँचगे."

दोन झाल्या आणि अर्धा मीटर उरला.

वर्गातून कोणीतरी म्हणालं, "दो सही एक बटा दो." दोन पूर्णांक एक द्वितीयांश. मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्या वाजवायची मीच सवय लावली होती.

मी फळ्याकडे पाहिलं. तिथे मी आधीच नियमाने सोडवून ठेवलं होतं, आणि वरून कागद चिकटवला होता, शेवटी काढायला म्हणून. कागदाखाली होतं दोन पूर्णांक दोन तृतीयांश. रिबीन म्हणत होती अडीच. मी कागद काढला. का काढला देव जाणे, हात आपोआप गेला. आता दोन्ही उत्तरं सगळ्यांसमोर होती.

मागून एक गुरुजी म्हणाले, "रिबन खिंचती है. कपड़े का भरोसा नहीं." दुसरे म्हणाले की पट्टी घासलेली असेल, सरकारी पट्ट्या तशाच असतात. तिसऱ्यांनी आपल्या वहीत गणित करून पाहिलं आणि म्हणाले, "उत्तर तो दो सही दो बटा तीन ही है." सातही जण आपापल्या वहीत खाली पाहू लागले. आत्ता आठवून हसू येतं, कारण तिथे नऊ पदवीधर होते आणि एकालाही ठाऊक नव्हतं. तेव्हा मात्र मी आशेने खिडकीकडे पाहिलं. समन्वयक सर म्हणाले, "किताब तो गलत नहीं हो सकती, मैडम."

मी त्या मुलीला म्हटलं, "ठीक से नहीं नापा होगा. फिर से नापो."

तिने पुन्हा मोजलं. एक तुकडा, दुसरा तुकडा, उरलेला तुकडा. पन्नास सेंटिमीटर, बरोबर रेघेवर. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मँय गलत नइ नापे हौं, मैडम." मी चुकीचं नाही मोजलं.

मी तिच्या हातातून रिबीन घेतली. म्हटलं, "जाओ, बैठो. गड़बड़ कर दी." आणि वर्गाकडे वळून मोठ्याने विचारलं, "दूसरे को?" वर्ग ओरडला, "उलटा करो!"

ती जाऊन बसली. त्या दिवशी तिने पुन्हा डोकं वर केलं नाही. पाहुण्यांनी चहा घेतला, रजिस्टरमध्ये "उत्तम प्रयास" लिहिलं आणि गेले.

घरी आले तरी ते डोक्यातून जाईना. आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी, दोघंच. बाबा भिलाई स्टील प्लांटच्या मशीन शॉपमध्ये टर्नर होते. लेथवर लोखंड कापण्यात आयुष्य गेलं. शाळा सातवीपर्यंतच, पण जुने पाढे तोंडपाठ. पावकी, निमकी, पाऊणकी. लहानपणी मला दारात बसवून म्हणून घ्यायचे आणि मला ते कंटाळवाणं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवणं झाल्यावर मी ते तिन्ही तुकडे त्यांच्यापुढे ठेवले.

"बाबा, माह्यं डोस्कं फिरून राहिलं. दोन मीटरची रिबीन हाये. पाऊण मीटरचे तुकडे कापायचे. किती होतीन?"

बाबांनी चष्माही लावला नाही. "एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. सव्वादोन तं जास्त झाले. दोन नग होतीन. उरला अर्धा मीटर."

"पुस्तक मनते दोन पूर्णांक दोन तृतीयांश."

"मंग पुस्तकवाल्याले इचार."

"नियमानं बी तेच येते, बाबा. मी दहादा करून पायलं."

"नियमानं येऊ दे, नाई तं कायनं बी येऊ दे. शॉपमंदी मी दोन मीटरचा रॉड असाच कापला असता. दोन पीस अन् एक कटपीस. फोरमॅनले जाऊन सांगू का मी, साहेब, दोन पूर्णांक दोन तृतीयांश पीस निंगाले? तो मले घरी पाठवन."

मला हसू येत नव्हतं. उलट रडू येईल असं वाटत होतं. म्हटलं, "मंग सात मास्तर अन् पुस्तक, सारे चुकीचे?"

"मले काय मालूम? तू मॅडम हायेस का मी?"

ते रिबिनीचे तुकडे पुन्हा पुन्हा एकमेकांजवळ लावू लागले. ही त्यांची जुनी सवय, हातात काही आलं की मापाला माप लावून पाहायचं. पाऊण मीटरच्या तुकड्याशेजारी त्यांनी उरलेला तुकडा ठेवला, वरची टोकं जुळवली आणि खाली जितकं कमी पडत होतं तिथे बोट ठेवलं.

"हा भंगारात," ते म्हणाले. "याची तिसरी वेणी होत नाई. तीन पाव पायजे, अन् हाये दोनच पाव."

"काय मनलं?"

"भंगारात."

"नाई, त्याच्यानंतर."

"तीन पाव पायजे अन् दोनच पाव हाये. कावून?"

तिनातले दोन. म्हणजे दोन तृतीयांश. मी तो तुकडा त्यांच्या हातातून ओढलाच. एका वेणीला जेवढी रिबीन लागते तिचे तीन भाग केले, तर आमच्याजवळ त्यातले दोन भाग उरले होते. मीटरने मोजलं तर तो अर्धा मीटर होता. वेणीने मोजलं तर ती दोन तृतीयांश वेणी होती. तुकडा एकच. पुस्तक वेण्या मोजत होतं आणि ती पोरगी मीटर मोजत होती. आणि प्रश्न विचारताना मी कशाने मोजायचं ते सांगितलंच नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

"बाबा, तुम्ही बरोबर सांगतलं!"

"मी तं भंगारात मनलं," बाबा म्हणाले आणि पंखा वाढवून आडवे झाले.

यापुढे लिहावंसं वाटतं की माझ्या डोक्यात लख्ख झालं. तसं झालं नाही. चहा ठेवायला उठले आणि पातेल्यात पाणी ओतेपर्यंत ते सगळं पुन्हा निसटलं. अर्धा कशाचा, दोन तृतीयांश कशाचे? परत येऊन तुकडे जुळवले तेव्हा पुन्हा दिसलं. संध्याकाळपर्यंत असं चारपाचदा झालं. आलं की गेलं. पण एक गोष्ट मात्र एकदा आली ती गेली नाही. त्या मुलीने बरोबर मोजलं होतं. दोनदा.

सोमवारी मी रिबीन पर्समध्ये टाकून शाळेत गेले. ती आली नव्हती. मंगळवारीही नाही. गुरुवारपर्यंत नाही. हजेरी घेताना तिचा नंबर आला की मी जरा थांबायची. मला वाटायला लागलं की माझ्यामुळेच पोरीने शाळा सोडली. इतक्या लोकांपुढे मी तिला गडबड केलीस म्हणाले होते. शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिच्याच गल्लीतल्या एका मुलीला स्कूटीवर मागे बसवलं आणि तिच्या घरी गेले.

घरी कोणी नव्हतं. शेजारणीने सांगितलं, सगळे बियाऱ्यात आहेत. बियारा म्हणजे खळं. धानाच्या पेंढ्या रचलेल्या, तूस उडत होतं, आणि त्या सगळ्यात ती मुलगी डोक्याला फडकं बांधून पेंढ्या उचलून आईला देत होती. मला पाहिल्यावर तिच्या हातातली पेंढी खाली पडली.

तिची आई पुढे आली. "का होगे मैडम? का करिस हे ए हा?" काय झालं, काय केलं हिने?

"कुछ नहीं किया," मी म्हटलं. "स्कूल नहीं आ रही थी, इसलिए."

आई हसली. धान कापणी चालू आहे, माणसं मिळत नाहीत, आणखी दोन-तीन दिवसांत पाठवते, म्हणाली. एवढंच होतं. माझा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मला हलकं वाटायला हवं होतं आणि वाटलंही, पण जरा वेगळंच काहीतरी वाटलं. पाच दिवस मी ज्या अपराधाचं ओझं घेऊन फिरत होते, तो या बियाऱ्यात कोणाच्या गावीही नव्हता.

मी मुलीला बाजूला बोलावलं. पर्समधून रिबीन काढली, पेंढ्यांच्या ढिगावर तुकडे एकमेकांशेजारी ठेवले आणि बाबांनी केलं तसं टोक जुळवून दाखवलं. म्हटलं, तू बरोबर मोजलं होतंस. चूक माझी होती. हा तुकडा मीटरने अर्धा आहे आणि वेणीने दोन तृतीयांश.

 तिने बोटाने तुकड्याची लांबी चाचपली. मग विचारलं, "माने आधा भी सही, अऊ दू बटा तीन भी सही?"

"हाँ."

"एक सवाल के दू जवाब?"

"नहीं, जवाब दो नहीं..." मी सुरू केलं आणि अडकले. कारण दोन प्रश्न आहेत असं म्हणावं, तर लिहिलेला प्रश्न एकच होता. दोन भागिले तीन चतुर्थांश. त्यात कुठे वेणी होती, कुठे मीटर?

 मग तिने जो प्रश्न विचारला त्याने मी पार गारद झाले. "त पेपर में कोन सा लिखबो, मैडम?"

पेपरात कोणतं लिहायचं?

मी म्हटलं, "किताब वाला." आणि म्हटल्याबरोबर मला कसंतरी वाटलं.  आईने हाक मारली तशी ती फडकं सारखं करून पेंढ्यांकडे गेली.  आईने मला एका पिशवीत ताजे पोहे दिले, नको नको म्हटलं तरी दिले.

कापणी संपल्यावर ती आली. त्या दिवशी मी पूर्ण वर्गासमोर सांगितलं की त्या शनिवारी माझी चूक झाली होती, मोजणाऱ्या मुलीची नाही. मला वाटलं होतं वर्ग शांत होईल, काहीतरी होईल. एका पोराने विचारलं, "मैडम, आज फिर रिबन कटेगा?" बाकीचे हसले. ती मुलगी पाटीकडे पाहत होती की माझ्याकडे, मला नीट दिसलं नाही.

मग मी वर्गाला रिबिनी दिल्या आणि कशाने मोजलं ते प्रत्येक उत्तरापुढे लिहायला सांगितलं. नुसतं अर्धा नाही, अर्धा मीटर. नुसतं दोन तृतीयांश नाही, दोन तृतीयांश वेणी. काहींना चटकन कळलं. काही इतके गोंधळले की साधा भागाकारही चुकवू लागले. "आधीच बरं होतं, उलटा करो म्हटलं की संपलं," असं एकाच्या वडिलांनी येऊन मला सांगितलं.  त्यांचंही काही खोटं नव्हतं.

वार्षिक परीक्षेत त्याच जातीचा प्रश्न आला. पेपर संकुलात तपासले जात, प्रत्येकाने दुसऱ्या शाळेचे, म्हणून मीही तिथेच होते. त्या मुलीचा पेपर आला तो रिबीन ताणली जाते म्हणणाऱ्या गुरुजींकडे. तिने दोन्ही उत्तरं लिहिली होती. पुस्तकासारखं एक, आणि त्याखाली तिच्या हळू, गोल अक्षरात, इतके तुकडे आणि इतके मीटर उरले. गुरुजींनी दोन्हींवर काट मारली होती.

मी भांडले. म्हटलं, दोन्ही बरोबर आहेत. बाकावर कागद फाडून दाखवलं. गुरुजी चांगले माणूस, त्यांनी शांतपणे पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, कपाळ चोळलं. "मैडम, आप जो कह रही हैं वो बैठे-बैठे समझ में आ रहा है, उठूँगा तो भूल जाऊँगा," ते म्हणाले. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही, कारण माझंही तेच झालं होतं. "लेकिन दो जवाब लिखे तो मैं कौन-सा मानूँ?" शेवटी त्यांनी अर्धा मार्क दिला. मी तो घेतला आणि बाहेर आले. त्या मुलीसाठी मी काही मिळवलं की तिच्या डोक्यात नसतं काहीतरी घालून तिचं नुकसान केलं, याचा हिशेब मला लागेना.

आठवीनंतर ती उतईच्या शाळेत गेली. पुढे वर्षांमागे वर्षं गेली. मी आजही दरवर्षी तो धडा घेते, आणि दरवर्षी वेगळ्या तऱ्हेने घेते. कधी आधी नियम, मग रिबीन. कधी आधी रिबीन. कोणत्या तऱ्हेने जास्त मुलांना कळतं, हे मी वहीत लिहून ठेवायचा प्रयत्न केला. एका वर्षाचं दुसऱ्या वर्षाशी जुळत नाही. एवढंच झालं आहे की मुलाचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर आता मी आधी त्याला विचारते, तू काय मोजलंस?

गेल्या हिवाळ्यात उतईच्या बाजारात मेथी निवडत होते. कोणीतरी मागून म्हणालं, "प्रणाम मैडम." उंच झाली होती, केस मोकळे, खांद्याला कॉलेजची बॅग. बी.ए. करतेय म्हणाली. मी तिला ओळखलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते रिबिनीचंच. "वो रिबन याद है?"

"कोन रिबन?" तिने विचारलं.

मी सांगितलं. शनिवार, पाहुणे, तुकडे. तिला आठवेना. शनिवारही नाही, वर्गासमोर मी चूक कबूल केली तेही नाही, वार्षिकचा अर्धा मार्कही नाही. मग तिचा चेहरा एकदम उजळला. "हाँ, आप हमर बियारा में आए रहेव! मँय तो डरा गे रहेंव, के मैडम शिकायत करे बर आए हे." मी तक्रार घेऊन आले समजून ती घाबरली होती, ते आठवून ती खळखळून हसली. आई अजून सांगते म्हणाली, मॅडम तुसात चांगली साडी खराब करून गेल्या म्हणून.

 साडी खराब झाली होती हे मला आठवत नव्हतं.

"आप अभी भी गणित पढ़ाती हैं?" तिने विचारलं.

"हाँ."

"मेरे को तो गणित कभी समझ में नहीं आया," ती अगदी आनंदाने म्हणाली.

"मेरे को भी देर से आया," मी म्हटलं. "थोड़ा-थोड़ा."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. ती पुन्हा हसली, माझी पिशवी उचलून स्कूटीच्या पुढे ठेवली, आणि मैत्रिणींनी हाक मारली तशी बसस्टँडकडे गेली.